गिरणीवाल्या काकांची स्मरणिका : मजकूर, तारखा, फोटो, छपाई

चिंचपोकळीकर

लालबागमध्ये आमच्या चाळीखाली पिठाची गिरणी आहे. तिचे मालक गेल्या आषाढात वारले. नाव इथे देत नाही, तीन पिढ्या त्यांना काकाच म्हणत आल्या. पहिल्या पुण्यस्मरणाला छोटी पुस्तिका काढावी असं काकू आणि दोन्ही मुलांच्या मनात आहे. ३२ पानं, ५०० प्रती. मजकूर जमवायचं काम चाळीतल्या चौघांकडे आलंय.

पहिला मसुदा असा झाला : 'काका अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू आणि कुटुंबवत्सल होते. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' काकूंनी वाचला आणि म्हणाल्या, 'यात ते कुठे आहेत?'

अडचणी अशा. गिरणी कधी सुरू झाली याचं साल कुणालाच नक्की माहीत नाही. जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेत. त्यांच्या कामाबद्दल लिहायचं तर 'ते दळण दळत' यापुढे वाक्य जात नाही. जाणकारांनी मदत करावी.

वहीतली_नोंद

काकूंचं म्हणणं खरं आहे. मसुद्यातलं एकेक विशेषण खोडा आणि त्या जागी 'म्हणजे काय करायचे?' याचं उत्तर लिहा. कष्टाळू, म्हणजे शटर किती वाजता वर जायचं, दुपारी किती वेळ बंद असायचं, गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रात्री किती वाजेपर्यंत पट्टा फिरायचा. प्रामाणिक, म्हणजे घट कशी धरायचे. दळणातलं थोडं पीठ पेटीत, दगडाच्या कडेला आणि हवेत जातंच; ते गिऱ्हाइकाला सांगायचे का, पुन्हा वजन करून द्यायचे का. कुटुंबवत्सल, म्हणजे मुलांची फी कोणत्या डब्यात बाजूला पडायची, घरी जेवायला किती वाजता जायचे, सुट्टीच्या वारी काय करायचे. ही उत्तरं काकूंकडे असतील, पण त्यांना 'काकांबद्दल सांगा' असं विचारू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे माणूस गप्प होतो. 'सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे?' असं विचारा, मग आपोआप दिवस उलगडत जातो.

गिरणीत हाताखाली कोण होतं? त्याला सर्वांत आधी गाठा. घरच्यांना माणूस माहीत असतो, मदतनिसाला त्याचा हात माहीत असतो.

आता तारखा. वयस्कर माणसांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतात. म्हणून 'कधी?' ऐवजी 'आधी की नंतर?' असं विचारा. लालबागेत सगळ्यांत पक्की खूण म्हणजे गिरणी कामगारांचा संप, १८ जानेवारी १९८२. नवी मोटर संपाच्या आधी बसली की नंतर, हे कुणीही सांगेल. पुढच्या खुणा : २६ जुलै २००५ चा पाऊस, ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मार्च २०२० ची टाळेबंदी. दोन माणसांकडून वेगवेगळी उत्तरं आली तर तिसऱ्याला विचारा, सरासरी काढू नका.

कागदही बोलतात. गुमास्ता परवाना (दुकानाच्या नोंदणीचा कागद) शोधा, त्यावर धंदा सुरू झाल्याची तारीख नोंदवलेली असते. जुनं बिलबुक सापडलं तर पत्ता बघा. 'मुंबई १२' एवढंच असेल तर ते बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. '४०० ०१२' असेल तर नक्कीच नंतरचं. 'नये पैसे' दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. वजन शेर-मणात असेल तर साधारण १९६२ च्या आधीचं. तोवर किलो सगळीकडे सक्तीचा झाला होता.

दिवाळीला पूजलेल्या वह्यांच्या पहिल्या पानावर 'श्री' खाली शके किंवा संवत असतं. दिवाळीच्या नोंदीत शकात ७८ मिळवा. दिवाळीच्या पाडव्याला सुरू झालेलं विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. म्हणजे शके १९०४ आणि संवत २०३९, दोन्ही दिवाळी १९८२. जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतच्या नोंदीत शकाला ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. हे विसरलं की सगळ्या नोंदी एक वर्ष मागे जातात.

दगडचक्की

'ते दळण दळत' यापुढे जाण्यासाठी गिरणीचं काम काय असतं ते लिहितो. यातलं काका काय आणि कसं करायचे ते मदतनिसाला विचारून भरा.

मुंबईत चाळीखाली बहुतेक उभी चक्की असते. एक दगड स्थिर, दुसरा फिरतो, मोटरवरून पट्टा येतो, वर हॉपर (धान्य ओतायचं नरसाळं), खाली पेटी आणि तोंडाला कापडी बाही. दोन दगडांमधलं अंतर बाजूच्या चाकाने कमी-जास्त होतं. सगळं कौशल्य त्या चाकात आहे. घट्ट केलं की पीठ बारीक येतं, पण तापतं. फार तापलेलं पीठ गरम असतानाच डब्यात झाकलं तर आत वाफ धरते, दोन-तीन दिवसांत वास येतो, पावसाळ्यात त्याहून लवकर. म्हणून चांगला गिरणीवाला 'घरी गेल्यावर झाकण उघडं ठेवा, परातीत पसरा' असं प्रत्येकाला सांगतो. सैल ठेवलं तर पीठ भरड येतं, पोळीला कणीक चांगली मळत नाही आणि ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते.

पीठ कसं उतरतंय हे डोळ्यांनी कळत नाही. बाहीखाली हात धरून अंगठा आणि तर्जनीत चोळून बघतात, मग चाक किंचित फिरवतात. काका अंगठ्याने चोळायचे की तळहातावर पसरायचे, हे ज्याने पाहिलंय त्याच्याकडून नेमकं लिहून घ्या.

दुसरी गोष्ट कानाची. हॉपर रिकामा होत आला की आवाज बदलतो, घरघर पातळ होते. त्या क्षणी दगड मागे घ्यावे लागतात. नाहीतर दगडावर दगड घासतो, त्याची झीज होते आणि शेवटच्या ओंजळीत कचकच उतरते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ज्याचा हात आपोआप चाकावर जातो, तो जुना माणूस.

तिसरी गोष्ट टाकी, म्हणजे दगड टोचायची छिन्नी, लावण्याची. दगडावरच्या चरी झिजल्या की धान्य कापलं जात नाही, नुसतं घासलं जातं. पीठ तापतं, वेळ जास्त लागतो, मोटरवर भार येतो. मग दगड उतरवायचे आणि टाकी-हातोड्याने चरी पुन्हा खोल करायच्या, मधून कडेकडे. सगळीकडे सारखी खोली हवी. एका बाजूला जास्त गेली की चक्की थरथरते. टाकी लावल्यावर पहिलं दळण गिऱ्हाइकाचं घ्यायचं नसतं. स्वतःचं हलकं धान्य घालून ते पीठ टाकून द्यायचं, कारण त्यात दगडाची कच असते. काका त्यासाठी काय घालायचे आणि ते पीठ कुठे जायचं, विचारा. माझ्या मते पुस्तिकेत सगळ्यात महत्त्वाचं पान हेच होईल. स्वतःच्या पदरचं धान्य दर वेळी टाकून देणं म्हणजे प्रामाणिकपणा, तो शब्द मग लिहावा लागत नाही.

फोटो काढताना मोटरवरची पाटी जवळून घ्या, तिच्यावर अश्वशक्ती आणि फेरे असतात. दगडाचा व्यास इंचात मोजा. टाकी, हातोडा, नटबोल्टचे पाने आणि पट्ट्याला लावायची राळ असेल तर तीही एका पांढऱ्या कापडावर मांडून एकत्र फोटो घ्या. गिरणी चालू असताना दोन मिनिटांचा आवाज नुसता ध्वनिमुद्रित करून ठेवा. मुलाखती मात्र गिरणी बंद असताना घ्या, नाहीतर पुढे एक शब्द ऐकू येणार नाही.

भाजणी

दगडचक्की यांनी यंत्राचं लिहिलं. गिऱ्हाइकाच्या बाजूने एक गोष्ट सुटलीय, ती म्हणजे क्रम. कोणत्या धान्यामागे कोणतं धान्य लावायचं यावर गिरणीवाल्याची परीक्षा होते. आधीचं थोडं पीठ आत राहतंच. तांदळानंतर गहू चालतो, पण बेसनानंतर लगेच भाकरीचं पीठ लावलं की भाकरीला वास येतो. म्हणून मध्ये पेटी आणि बाही झटकायची आणि पहिली ओंजळ बाजूला काढायची.

उपासाचं दळण तर सकाळी पहिलंच घ्यावं लागतं, पूर्ण झाडून घेतल्यावर. राजगिरा, वरई, साबुदाणा, शिंगाडा यांत गव्हाचा कण गेला तर घरातल्या म्हातारीचा उपास मोडतो, आणि तिला ते कळणारही नाही. इथे विश्वास लागतो. राजगिरा बारीक असल्याने सैल दगडातून तसाच निसटतो, म्हणून दगडांमधलं अंतर कमी आणि धान्याची धार बारीक ठेवावी लागते. शिंगाडा उलट, टणक. आधी फोडून आणायला सांगतात. आषाढी, श्रावण, नवरात्र या दिवसांत काका कोणत्या वारी किती वाजेपर्यंत उपासाचं घ्यायचे, याची पाटी गिरणीत असेल तर तिचा फोटो छापा.

वर्षाचं वेळापत्रकही लिहा, त्याने पुस्तिकेला छान कणा मिळेल. गणपतीच्या आधी मोदकाची पिठी : तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, अगदी बारीक. ओल राहिली तर दगडाला चिकटून चरी भरतात आणि मागच्या सगळ्यांचं दळण अडतं. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी : तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, धणे-जिरे अंदाजाने. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा आणि पूर्ण गार झाल्यावरच दळायला आणायचा. घाईघाईने गरम भाजणी आणली की वाफेने पीठ चिकटतं. लाडवाचं बेसन रवाळ, थालीपिठाची भाजणी किंचित जाडसर, चकलीची बारीक. तिन्ही डबे एकाच वेळी समोर आले की कुणाचं कसं हे लक्षात ठेवणं म्हणजे केवढं काम!

चाळीतल्या बायकांना विचारा, काका कुणाचा डबा चिठ्ठी न वाचता ओळखायचे. अशी दोन-तीन घरं निघतीलच.

चिंचपोकळीकर

फार मोलाचं मिळालं. मदतनिसाकडून कळलं की टाकी लावल्यावर काका २ किलो जाडे तांदूळ घालायचे आणि ते पीठ पावडरच्या डब्यात खळ करायला ठेवायचे. मंडळाच्या पताका त्याच खळीने चिकटायच्या, हे आम्हाला आजवर माहीतच नव्हतं. म्हणजे टाकून दिलेलं पीठही मंडळाला.

आणखी एक. माळ्यावर लाल कापडी बांधणीच्या सात वह्या सापडल्या. त्यात संपाच्या काळातली उधारी आहे. पानंच्या पानं भरलीत आणि पुढे कित्येक नावांपुढे जमा लिहिलेलंच नाही, नुसती आडवी रेघ. हे पान छापावं का?

वहीतली_नोंद

पान छापा, नावं छापू नका. त्या घरांतली माणसं अजून त्याच वस्तीत आहेत, आणि काकांनी रेघ मारली ती कुणाला कळू नये म्हणूनच. फोटोत नावांचा रकाना कागदाची पट्टी ठेवून झाका आणि मग फोटो काढा. संगणकावर काळं केलेलं कधी कधी मूळ फाइलमधून परत काढता येतं. खाली एकच ओळ : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची उधारी, एकूण नोंदी किती, रेघ किती नोंदींवर. मोजून लिहा. त्याला 'उदार अंतःकरण' जोडू नका, आकडे पुरेत.

वह्यांना कसर लागली असेल तर उन्हात टाकू नका, शाई उडते आणि कागद कडक होतो. कोरड्या मऊ ब्रशने झटका, पानांमध्ये साधा पांढरा कागद घाला, सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात आडव्या ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं की मुंबईच्या हवेत आतल्या आत बुरशी येते.

काचेमागचा_फोटो

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. दमट हवेत फोटोवरचा थर ओला होऊन काचेला धरतो. ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. हा प्रकार फार होतो आणि त्यावर इलाज नाही.

फ्रेमच्या मागचे खिळे काढून काच आणि फोटो एकत्रच बाहेर घ्या. काच पुढून कोरड्या कापडाने पुसा, पाणी फवारू नका. फोटो काचेला सगळीकडे चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवून स्कॅन करता येतो. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद, फोन बरोबर वर समांतर धरा आणि फोनमागे काळं कापड ताणून धरायला एकाला उभं करा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येणार नाही.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो दात साफ करायचा दोरा खालून सरकवत हळूहळू सोडवता येतात. जिथे अडतो तिथे थांबा आणि पानासकट स्कॅन करा. लहान फोटो ६०० डीपीआयने (दर इंचात ६०० ठिपके) घ्या. आणि स्कॅन व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान करून पाठवतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रूफ_वाचक

छपाईचं थोडक्यात. ए-५ आकार, पानं चारच्या पटीत लागतात, ३२ बसतात. मध्ये पिना मारलेली शिलाई पुरते. आत ८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद, फोटोंच्या पानांना १३० चा आर्ट पेपर, मुखपृष्ठाला २५० किंवा ३००. फोटो पाच इंच रुंद छापायचा तर तो किमान १५०० पिक्सेल रुंद हवा. १३ पॉइंटात एका पानावर साधारण २३० शब्द बसतात. म्हणजे फोटो वगळून २० पानं धरली तर ४६०० शब्द. त्याहून जास्त जमलं तर टाइप लहान करू नका, मजकूर कापा. वाचणारे निम्मे साठीच्या पुढचे असणार.

खरा घोळ टंकात होतो. तुम्ही युनिकोडमध्ये (फोन-संगणकावरच्या आजच्या टंकपद्धतीत) लिहिता आणि बरेच छापखाने अजून जुन्या फॉन्टमध्ये मजकूर वळवून घेतात. तेव्हा रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'ऱ्या', 'ऱ्हा' तुटतात, 'ॲ' नाहीसा होतो, अवतरणचिन्हं उलटी होतात. म्हणून वळवलेल्या मजकुराचं कागदावरचं प्रूफ मागा. पडद्यावर नको. एकाने मूळ मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचं. 'गिऱ्हाईक', 'पायऱ्या', 'दुसऱ्या', 'वर्षश्राद्ध' हे शब्द मुद्दाम शोधून बघा.

'त्यांच्या पश्चात' खालची नावं काकूंनी स्वतः वाचून सही करावी. सून, जावई, नातवंडं यांतलं एक नाव सुटलं की ५०० प्रतींनी ते दुःख कायमचं होतं.

कोर्टनाका

मध्येच एक सूचना, कारण नंतर सांगून उपयोग नाही. जागा पागडीची (एकरकमी पैसे देऊन घेतलेली जुन्या भाड्याची) असेल तर 'दुकान कोण चालवत होतं' हे वाक्य जपून लिहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधल्या भाडेकरूच्या व्याख्येनुसार, धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला की त्याच्यासोबत त्या वेळी ती जागा धंद्यासाठी वापरणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. असा कुणी नसेल तर वारस, आणि वारसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. पुस्तिकेत प्रेमापोटी 'शेवटची दोन वर्षं गिरणी बंदच होती' किंवा 'मुलं आपापल्या नोकरीत होती' असं ढोबळ लिहिलं आणि ते खरं नसेल, तर उद्या तेच छापील पान समोर येतं. जे घडलं तेवढंच, महिन्यासकट लिहा.

आणि गिरणीत काकांच्या खात्याचा क्यूआर अजून लावलेला असेल तर आजच काढा. बँकेला निधन कळलं की खातं थांबतं आणि गिऱ्हाइकांचे पैसे अडकतात.

चिंचपोकळीकर

सगळ्यांच्या सूचना घेऊन कामाचं पान पुन्हा लिहिलं. जरा बघाल का?

'पहाटे साडेपाचला शटर वर जायचं. काका आधी बाही उलटी करून झटकायचे, पेटी पुसायचे, मग उदबत्ती. पहिलं दळण उपासाचं, आठपर्यंत. डबा हातात आला की झाकणावरची चिठ्ठी बघण्याआधी ते मूठभर धान्य तळहातावर घ्यायचे. ओल वाटली तर डबा परत द्यायचे, "गच्चीत एक ऊन दाखवून आणा." पीठ पडू लागलं की डाव्या हाताचा अंगठा बाहीखाली, उजवा हात चाकावर. पीठ तापू नये म्हणून ते चाक घट्ट करून ठेवायचे. दुपारी एक ते चार गिरणी बंद, त्यात पंधरा मिनिटं जेवण आणि उरलेला वेळ मुलीच्या गणिताला. मुलगी नर्स झाली तेव्हा त्यांनी चिठ्ठ्यांच्या तारेला एक पेढ्याचा पुडा अडकवून ठेवला होता, येईल त्याने घ्यावा म्हणून.'

दगडचक्की

पान फार चांगलं झालंय. एक वाक्य उलटं आहे : चाक घट्ट केलं की पीठ तापतं. मदतनीस बहुधा असं म्हणाला असेल की पीठ तापलं की काका चाक थोडं सैल करून धान्याची धार कमी करायचे. त्याला पुन्हा विचारून दुरुस्त करा. गिरणीवाले वाचतील तेव्हा त्यांची नजर पहिली तिथेच जाईल.

प्रूफ_वाचक

धाग्याच्या सुरुवातीला 'दोन्ही मुलांच्या मनात' आहे आणि इथे मुलगी आली. दोन मुलगे आणि एक मुलगी, की एक मुलगा आणि एक मुलगी? 'त्यांच्या पश्चात' मध्ये हेच नीट स्पष्ट करा.

चिंचपोकळीकर

एक मुलगा, एक मुलगी. 'मुलं' म्हणजे दोघं. यादीत तसं वेगळं लिहिलं. मदतनिसाला विचारलं, सैल करून धार कमी, हेच बरोबर. शनिवारी कागदावरचं प्रूफ काकूंकडे नेतो.